बोटीतली वाटी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नाशकातल्या अंबडला वळीव आला. वीसेक मिनिटंच पडला, पण आडवा पडला. शेडबाहेर ट्रेलरवर उभ्या असलेल्या २४ फुटी शिडाच्या बोटीवरची ताडपत्री त्याने एका बाजूने उचलून फेकली आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. रात्रपाळीचे मामा बॅटरी घेऊन केबिनमध्ये शिरले. टप् टप् आवाज येत होता तिथे त्यांनी आपल्या डब्यातली स्टीलची वाटी ठेवली आणि खाली उतरून पुन्हा खाटेवर बसले. सकाळी वाटी अर्धी भरली होती. पाणी किंचित तपकिरी होतं आणि त्याला ओल्या प्लायवूडचा वास होता. पण वाटी खिडकीखाली नव्हती. खिडकीपासून चांगली दीड हात मागे, बाकड्यावरच्या फळीच्या कोपऱ्यात होती. "खिडकी नाही गळत साहेब, छत गळतंय," मामांचं निदान तयार होतं. खिडकीला मागच्याच वर्षी कोणीतरी बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉन फासलेलं होतं, त्यामुळे ते निदान पटण्यासारखंही होतं. तरी ती दीड हाताची गोष्ट डोक्यातून जाईना.

नाशकात शिडाची बोट कशाला, हा प्रश्न इथे प्रत्येक जण विचारतो, म्हणून तो आधीच उरकलेला बरा. पावसाळ्यात मुंबईच्या बंदरातल्या लहान बोटी पाण्याबाहेर काढतात. काढलेली बोट कुठेतरी ठेवायची असते, आणि शेड नाशकात फुकट मिळत असेल तर ती ट्रेलरवर चढून कसारा घाट ओलांडते. काम लांबत गेलं आणि दोन वर्षं झाली. एवढंच.

जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या कौलारू वाड्यांत ज्यांनी पावसाळे काढले आहेत, त्यांना मामांची वाटी नवीन नाही. पितळी पातेली, तपेली, बादल्या, सगळी फौज माजघरात मांडलेली असायची आणि प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. पण त्या घरांतल्या मोठ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असे: थेंब जिथे पडतो तिथलं कौल फुटलेलं नसतं. पाणी वरच्या कुठल्यातरी फटीतून शिरतं, वाशावरून सरकत खाली येतं आणि वाशाला गाठ किंवा खिळा भेटला की तिथे सुटतं. म्हणून शाकारणी करणारा माणूस थेंबाच्या वर चढत नसे, तो वाशाच्या वरच्या टोकाकडे जायचा. बोटीत हेच घडतं, फक्त वाशाच्या जागी फायबरचं आतलं अस्तर असतं. बाहेरचा फायबर आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये बोटभर पोकळी असते. पाणी त्या पोकळीतून बोटीच्या उताराने मागे वाहत जातं आणि अस्तराला जिथे स्क्रूचं भोक असेल तिथून बाहेर पडतं. मामांच्या वाटीच्या बरोबर वर फळीचा एक स्क्रू होता. पाण्याचा वाटाड्या तो होता, गुन्हेगार नव्हे.

गळती शोधायची रीत कंटाळवाणी आहे आणि तिला फाटा देता येत नाही. आतली लाकडी पट्टी आणि छताचं कापड जेवढं निघेल तेवढं काढायचं. सगळं कोरडं करून खिडकीच्या चारी कडांना आणि वरच्या बोल्टांभोवती टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवायच्या किंवा टाल्कम पावडर भुरभुरायची. मग बाहेरून नळी लावायची. पाण्याचा फवारा नको, नुसती संथ धार. सुरुवात सगळ्यात खालून. खालची कड दहा मिनिटं, मग एक बाजू दहा मिनिटं, मग दुसरी, मग वरची कड आणि शेवटी छतावरचे हाताचे कठडे. उलट क्रमाने, म्हणजे वरून सुरुवात केली की सगळंच एकदम ओलं होतं आणि काहीच कळत नाही. एक जण बाहेर, एक जण आत. आतल्याने बोलायचं नाही, फक्त बघायचं. पंप असेल तर आणखी एक युक्ती चालते: झरोके बंद करून आत हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. फट जिथे असेल तिथे फुगे येतात.

मेमध्ये नाशकात तासभर नळी सोडून बसणं हे काही अभिमानाने करायचं काम नाही. शेजारच्या शेडमधला एक पोरगा बराच वेळ बघत उभा होता. शेवटी त्याने विचारलं, "पाणी आत जावं असं वाटतंय का जाऊ नये असं?"

दोन्ही.

पस्तिसाव्या मिनिटाला डाव्या बाजूच्या मोठ्या खिडकीच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातली पट्टी ओली झाली. फासलेलं सिलिकॉन तिथे दिसायला शाबूत होतं, पण नखाने उचलल्यावर सलग सालीसारखं निघून आलं. ते चिकटलंच नव्हतं. खाली धूळ होती, जुन्या सिलिकॉनचा तेलकट थर होता आणि त्यावर हे नवं सिलिकॉन नुसतं टेकून बसलं होतं. सिलिकॉनची खोड हीच आहे. ते जिथे एकदा बसतं तिथे आपला अदृश्य थर ठेवून जातं आणि त्या थरावर दुसरं काहीही बसत नाही. रंग बसत नाही, पॉलियुरेथेन बसत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड बसत नाही. त्यातही हे व्हिनेगरचा वास येणारं, न्हाणीघरात वापरायचं सिलिकॉन होतं. ते सुकताना आम्ल सोडतं आणि ॲल्युमिनियमची फ्रेम हळूहळू खातं. बाहेरून फासलेल्या सिलिकॉनचा तोटा आणखी एक. ते आलेलं पाणी आत येऊ देतंच, बाहेर मात्र जाऊ देत नाही. फ्रेमच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला दोन बारीक भोकं ठेवलेली होती. फासणाऱ्याने तीही बुजवली होती.

पण हे सगळं वरवरचं. मुळात खिडकी सुटली का, हे समजायला थोडं गणित करावं लागतं. ते रंजक आहे, म्हणून करतो. मोठ्या खिडकीतली काच ही काच नसते, ॲक्रिलिक असतं. ६०० मिलिमीटर लांबीचं ॲक्रिलिक एका अंशाने तापलं की साधारण ०.०४ मिलिमीटर वाढतं. फायबर त्याच्या साधारण एक तृतीयांश वाढतो. नाशकात जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा ८ अंशांपर्यंत उतरतो आणि मेच्या दुपारी गडद रंगाचं ॲक्रिलिक उन्हात ६० अंशांपर्यंत सहज जातं. फरक ५२ अंशांचा. म्हणजे ॲक्रिलिक सव्वादोन मिलिमीटर वाढणार, फायबर पाऊण. दोन्हींतला फरक दीड मिलिमीटरच्या आसपास. मधोमधून धरलं तर प्रत्येक टोकाला पाऊण मिलिमीटर. हे रोज थोडं थोडं, वर्षातून दोनदा पुरतं. समुद्रावर पाणी जवळ असल्याने तापमान इतकं हेलकावत नाही, म्हणून मुंबईला तग धरलेली खिडकी नाशकात गळते. बोटीला इथली हवा मानवत नाही असं म्हणतात, त्यात एवढं तथ्य आहे.

आता या पाऊण मिलिमीटरला वाट द्यायची असते. सीलंटचा थर ३ मिलिमीटर जाड असेल तर तो पाऊण मिलिमीटर आरामात तिरपा होतो आणि परत येतो. तोच थर अर्धा मिलिमीटर असेल तर त्याला स्वतःच्या जाडीच्या दीडपट सरकायचं असतं, आणि तो एका बाजूने सुटतो. इथे बहुतेकांची चूक होते. खिडकी गळते म्हणून स्क्रू आवळतात. आवळल्यावर सीलंट बाहेर पिळून निघतं, थर कागदासारखा पातळ होतो, पहिल्या पावसाला गळती थांबते आणि लोक खूश होतात. पुढचा उन्हाळा आला की पुन्हा गळती, पुन्हा आवळणं. शेवटी ॲक्रिलिकच थकतं. या बोटीच्या खिडकीत बावीस स्क्रू होते आणि त्यांतल्या नऊ भोकांभोवती सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारख्या बारीक भेगा होत्या. सगळ्या स्क्रूंची डोकी शंकूसारखी, ॲक्रिलिकमध्ये खोल बसवलेली. शंकूचं डोकं पाचरीसारखं काम करतं, आवळलं की भोक फाडतं. इथे चपटं डोकं आणि खाली रबरी वायसर लागतो.

कोकणातल्या लाकडी होड्यांच्या फळ्यांच्या सांध्यात राळ-तेलात भिजवलेला कापूस ठोकतात. तो एकटा पाणी थोपवत नाही, त्याला फुगलेल्या फळीची साथ लागते. होडी पाण्यात उतरली की पहिल्या रात्री गळते, मग लाकूड फुगतं, कापसाला चेपतं आणि सांधा बंद होतो. कापसाचं काम म्हणजे फळी फुगेल आणि आक्रसेल तेव्हा मधली जागा भरलेली, पण मऊ ठेवायची. फायबरच्या बोटीतलं सीलंट याच कुळातलं आहे. त्याला डिंक समजलं की सगळी चूक तिथून सुरू होते.

ओझरला विमानाच्या कारखान्यात आयुष्य काढलेले एक काका हे ऐकून पॉलिसल्फाइड या सीलंटची बाजू मांडायला आले. विमानातल्या इंधनाच्या टाक्या त्याने बंद करतात, वर्षानुवर्षं टिकतं, तेलाला दाद देत नाही. डेकवरच्या पितळी-स्टीलच्या सामानाखाली ते उत्तम आहे, यात वाद नाही. पण ॲक्रिलिकला चालत नाही, त्यातले द्रावक प्लास्टिकला बाधतात. "आमच्या विमानांची छतरी ॲक्रिलिकचीच असायची," काका म्हणाले आणि मग स्वतःच थांबले, कारण त्या छतरीवर साधं थिनर लावायलाही बंदी होती हे त्यांना आठवलं. तो वाद असा मिटला. साधं पॉलियुरेथेनही इथे नको. ते ऊन सोसत नाही आणि पकड इतकी की पुढच्या वेळी खिडकी काढताना फायबरच निघून येतो. उरतं ते इमारतींच्या काचेच्या दर्शनी भिंतींना वापरतात ते न्यूट्रल, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं सिलिकॉन. डाऊ ७९५ हे त्यातलं जुनं, माहितीतलं नाव. म्हणजे सिलिकॉनला शिव्या घालून पुन्हा सिलिकॉनवरच यायचं. मनाला पटत नाही, पण तसंच आहे.

काम खालीलप्रमाणे होतं आणि त्यात घाई करायची जागा फक्त एक आहे.

आधी स्क्रू. स्टेनलेसचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमची फ्रेम खाऱ्या हवेत एकत्र राहिली की मधे पांढरी भुकटी तयार होते आणि स्क्रू दगडासारखा बसतो. स्क्रूड्रायव्हर घट्ट बसणाराच हवा, डोकं एकदा गोल झालं की मग ड्रिलशिवाय इलाज नाही. डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न मिनिटभर धरायचं, हलके दोन ठोके मारायचे, आत गंजतेल (गंज सोडवणारं तेल) सोडायचं आणि रात्रभर विसरायचं. सकाळी आधी आवळायच्या दिशेने थोडं, मग सोडायच्या दिशेने. ॲक्रिलिकजवळ मात्र गंजतेल नको आणि उष्णताही नको. पाट्याच बदलायच्या असल्या तर हा प्रश्नच येत नाही, आणि इथे बदलायच्याच होत्या. नवं ॲक्रिलिक ८ मिलिमीटर जाडीचं, ओतीव. दाबून लांबवलेलं स्वस्त पडतं, पण ते लवकर तडकतं. ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक ७ मिलिमीटरचं. लोकांना हे ढिसाळ वाटतं, पण तेवढी मोकळी जागा हवीच. ड्रिलचं टोक धातूसाठीचं नेहमीचं नको, ते बाहेर पडताना प्लास्टिकला झटका देऊन तडकवतं. प्लास्टिकसाठी अणकुचीदार घासलेलं घ्यायचं, खाली लाकडाचा तुकडा दाबून धरायचा आणि शेवटचा मिलिमीटर हातावर सोडायचा.

मग भिंत. जुनी खिडकी निघाल्यावर फायबरच्या कापलेल्या कडेत मधलं प्लायवूड दिसतं. इथे ते वरच्या मागच्या कोपऱ्यात चार बोटं काळं पडलं होतं आणि टोच्याने टोचल्यावर भिजवलेल्या पोह्यासारखं निघून आलं. हाच तपकिरी रंग वाटीत उतरला होता. काळं निघेल तेवढं काढायचं, बाकीच्या सगळ्या कडेनेही प्लायवूड पाच-सहा मिलिमीटर खोल कोरायचं, आठवडाभर पंख्याखाली सुकवायचं आणि ती खाच घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरून टाकायची. यापुढे खिडकी गळली तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही. ही पायरी लोक वगळतात, कारण ती बाहेरून दिसत नाही.

सफाईला दोन दिवस लागतात आणि त्यात काही वाचनीय नाही. पातळ ब्लेड, प्लास्टिकची खरवडणी, शेवटी बारीक पॉलिश पेपर. फायबरवर ॲसिटोन चालतं. ॲक्रिलिकवर ॲसिटोन किंवा थिनरचा एक थेंबही नको. साबणाचं पाणी, आणि कडेला थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मग आतल्या बाजूला चिकटपट्टीची सीमा.

घाई आहे ती लावण्यात. खिडकीचा घेर १.६ मीटर, थर ३ मिलिमीटर जाड आणि २५ रुंद धरला तर १२० मिलिलिटर सीलंट लागतं. वाया जाणारं धरून ३०० मिलिलिटरच्या एका नळकांड्यात दोन खिडक्या होतात, तिसरीचा मोह करू नये. ३ मिलिमीटर जाडीचे रबराचे दहा-बारा छोटे तुकडे आधीच कडेने चिकटवून ठेवायचे, म्हणजे पाटी त्यांवर टेकते आणि कितीही दाबलं तरी थर त्याखाली जात नाही. सीलंटची धार सलग, भोकांच्या दोन्ही बाजूंनी. पाटी मधून बाहेर अशी टेकवायची. बोल्ट नुसते हाताने, बोटांनी जेवढे फिरतील तेवढेच. बाहेर आलेला पदार्थ साबणाच्या बोटाने एकदाच ओढायचा आणि चिकटपट्टी लगेच, साय धरायच्या आत काढायची. नंतर बोल्ट वळवायचा नाही, वळवायचाच असला तर आतून नट. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं सील तुटतं.

न्यूट्रल सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. हे कंपनीच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. नाशकात मेच्या दुपारी हवेत ओलावा इतका कमी असतो की ते दोन दिवसांनीही आत ओलसर राहतं. वळीव पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लावावं. एरवी जो पाऊस शिव्या खातो, तो इथे हातभार लावतो.

मागच्या दोन लहान खिडक्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या, खऱ्या काचेच्या. तिथे ब्यूटाइल रबराची पट्टी लागते, १२ मिलिमीटर रुंद, ३ जाड, गमबुटासारखी काळी आणि हाताला चिकटणारी. ही कधीच सुकत नाही, आणि तीच तिची किंमत आहे. कोपऱ्यात एक लपेट जास्त द्यायचा, फ्रेम बसवायची आणि स्क्रू एका दमात आवळायचे नाहीत. आज अर्धा फेरा, उद्या अर्धा, परवा अर्धा. पट्टी उन्हात मऊ होऊन आपणहून फटीत शिरते. चौथ्या दिवशी बाहेर आलेली कड चाकूने कापायची. ब्यूटाइलला रॉकेल-पेट्रोल मात्र सोसत नाही.

पुढच्या उघडणाऱ्या झरोक्याचं गॅस्केट सगळ्यात दुर्लक्षित. रबर दाबलेल्या अवस्थेत वर्षभर राहिलं की तसंच चपटं होतं, मग खिट्टी कितीही आवळा. म्हणून बोट उभी असताना झरोक्याच्या खिट्ट्या नुसत्या टेकवून ठेवाव्यात, आवळू नयेत. नवं ईपीडीएम रबराचं गॅस्केट घेताना त्याची उंची पाव भागाने कमी होईल इतका दाब पडेल असं माप घ्यायचं. तुकडा खाचेच्या लांबीपेक्षा जरा जास्त कापायचा आणि लोटत लोटत बसवायचा. ताणून बसवलेलं रबर महिन्याभरात आक्रसतं आणि सांधा उघडतो. आणि सांधा नेहमी वरच्या बाजूला. खाली पाणी साचतं, तिथे सांधा कशाला? वर व्हॅसलीन लावायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये, पेट्रोलियमने ईपीडीएम फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा बोटाने दिलेला पातळ हात पुरतो.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ ट्रकच्या काचा बसवणारे जे कारागीर आहेत त्यांच्याकडे हे ज्ञान पिढ्यांपासून आहे, फक्त त्याला बोट माहीत नाही. जुन्या ट्रकची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसते. काचेभोवती बीडिंग चढवायचं, बाहेरच्या खाचेत सुतळी भरायची, साबणाचं पाणी लावून काच पत्र्याला टेकवायची आणि आतून सुतळीचं टोक ओढत जायचं. रबराची जीभ आपोआप पत्र्याच्या आत उलटते. काही जुन्या बोटींच्या खिडक्या हुबेहूब अशाच असतात. त्या कारागिराला बोटीचा फोटो दाखवला तर तो पहिला प्रश्न विचारतो, "बीडिंगचा जोड वर की खाली?" बोट न पाहताच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस धरून पडला. आत सगळं कोरडं. दीड हात मागे, वाटीच्या वरच्या स्क्रूला आठवणीने टिश्यू गुंडाळला होता, तोही कोरडा. उजव्या बाजूच्या हाताच्या कठड्याच्या एका बोल्टखाली मात्र नाण्याएवढा ओला डाग आला. तो बोल्ट आता पुढच्या उन्हाळ्यात, काढायचा, भोक मोठं करायचं, इपॉक्सी भरायचं, पुन्हा पाडायचं.

मामांनी वाटी काढलेली नाही. डब्यासाठी त्यांनी दुसरी आणली. ही तिथेच असते, बाकड्यावरच्या फळीच्या कोपऱ्यात, आणि परवा तिच्यात एक मेलेली पाकोळी आणि चिमूटभर टाल्कम पावडर होती.